कातळावरचा फेरफार

कार्ल्यात जून उजाडला की कागद मऊ पडायला लागतो. विसापूरच्या बाजूने आलेला ढग वेहेरगावच्या डोंगराला अडतो, खाली उतरतो आणि दसऱ्यापर्यंत हलत नाही. मिठाला पाणी सुटते, काड्या पेटत नाहीत, दस्तांच्या घड्यांवर करड्या बुरशीचे ठिपके उमटतात. स्टॅम्पपेपर घडीवरच आधी विरतो आणि आमच्या एका जुन्या खरेदीखतात त्या घडीवर नेमक्या चतुःसीमा आहेत. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, ओढा कुठल्या अंगाला, एवढे वाचता येते. उत्तरेची ओळ गेली आहे.

पूर्वी आमच्या घरात कागद चुलीवरच्या माळ्यावर असत. धुरामुळे कसर लागत नसे. चूल गेली, गॅस आला आणि कागद खालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आले. तिथे धूर नाही, ऊनही नाही. हे सगळे स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे काम घरच्यांनी माझ्याकडे सोपवले, तेव्हा पावसाच्या तावडीतून कागद सोडवायचे एवढाच विचार होता. पीडीएफ झाली की कागद वाचला, असे आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मी ते आता धरत नाही. कागद वाचायला दोन गोष्टी लागतात. तो पुढच्या माणसाला सापडला पाहिजे आणि सापडल्यावर पटला पाहिजे. या दोन्ही गोष्टी मी निम्म्या सातबाऱ्याकडून शिकले आणि निम्म्या आमच्या डोक्यावरच्या लेण्याकडून.

मावळात सातबारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. द्रुतगती मार्ग झाला, बंगल्यांचे प्लॉट पडले, भाताच्या खाचराला फार्महाउसचा भाव आला आणि ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही त्या घरातही सातबारा ओळ न ओळ वाचला जाऊ लागला. खातेदारांची नावे, आणेवारी, इतर हक्कातला बोजा, फेरफाराचे नंबर. एका गटात पंधरा-वीस नावे असणे इथे नवलाचे नाही. त्यातले निम्मे लोक पिंपरीला, मुंबईला, काही आणखी लांब. प्रत्येकाला कधी ना कधी उतारा लागतो आणि प्रत्येकाला तो आजच लागतो.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरायचे आणि पीडीएफ उतरवून घ्यायची. तलाठ्याची गाठ पडेपर्यंत सजाच्या ओट्यावर दिवस काढलेल्या माणसांना हा बदल केवढा वाटला, ते मी पाहिले आहे. आमच्या एका चुलत्यांनी पहिला उतारा मोबाइलवर उघडला आणि बराच वेळ नुसता वरखाली सरकवत बसले. त्यांना त्यात नवे काही वाचायचे नव्हते. तो कुणाला न विचारता आला, हेच ते पाहत होते.

आता ही पीडीएफ कशी आहे ते सांगते, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. तिच्यावरची सही म्हणजे शाईचे चित्र नसते. फाइलमधल्या सगळ्या मजकुराचे गणिताने एक ठशासारखे सार काढतात, ते सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद करतात आणि फाइलमध्येच ठेवतात. पुढे कुणीही फाइल उघडली की वाचणारा प्रोग्राम तेच सार पुन्हा काढून ताडून पाहतो. एक अक्षर जरी हलले असले तरी जुळत नाही. म्हणजे कागदाच्या जमान्यात जे मूळ आणि नक्कल असे नाते होते ते इथे उलटे झाले. जशीच्या तशी उचललेली फाइल, ती कितव्या हातातून आलेली असो, मूळच असते. आणि प्रिंटरमधून निघालेला स्वच्छ, गरम, हातात धरता येणारा कागद ही नक्कल. त्याच्या तळाशी पडताळणीचा क्रमांक असतो म्हणून त्याला किंमत, पण सही त्याच्यात नाही. ती फाइलमध्येच राहिली.

हे आमच्याकडे पटवून देणे सोपे गेले नाही. भाऊ चार उतारे एकत्र जोडून एक पीडीएफ करतो, कारण अर्जाला एकच फाइल लावता येते. पुतण्या फाइल दाबून लहान करतो, कारण वेबसाइट मोठी फाइल घेत नाही. वहिनी स्क्रीनचा फोटो काढून पाठवतात. या तिन्हींत मजकूर जसाच्या तसा दिसतो आणि सही मोडते. म्हणून माझा नियम आहे की उतरवलेली फाइल एका जागी ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. जोडायची, दाबायची, रेघा मारायची ती तिची प्रत. नाव बदलले तर सहीला काही होत नाही, कारण नाव फाइलच्या बाहेर असते. हे कळल्यावर मला फार मोकळे वाटले होते.

तरीही एक प्रश्नचिन्ह राहतेच. कॉम्प्युटरवर सातबारा उघडला की सहीच्या जागी पुष्कळदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि सही खरी की खोटी ते माहीत नाही असा शेरा. एका कार्यालयात आमच्या घरच्या माणसाला याच प्रश्नचिन्हावरून परत पाठवले होते. उतारा खोटा नव्हता. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा असे त्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलेले नव्हते, एवढेच. सहीवर क्लिक करून, प्रमाणपत्र उघडून, ते विश्वासाच्या यादीत घातले आणि पुन्हा पडताळले की प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. फाइल आधीही तीच होती आणि नंतरही तीच. आपल्याकडे साक्षीदार खरे बोलत असले तरी त्यांना ओळखणारे कुणीतरी पंचात लागते. इथेही तसेच लागते.

पटण्याचे इतके. सापडण्याचे काम याहून मोठे आहे आणि त्याला कुठलीही सरकारी किल्ली नाही.

कामशेतहून चुलतभावाचा फोन येतो.

‘ताई, तो आठ-अ पाठव की. सोसायटीत मागतायत.’

‘कधीचा हवाय? मार्चनंतरचा?’

‘ते नाय सांगितलं. तू सगळे पाठव, बघतो मी.’

सगळे पाठवले की त्याला सापडत नाही, कारण त्याच्या मोबाइलमध्ये ते लांबलचक आकड्यांच्या नावांनी जाऊन पडतात. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लग्नपत्रिका, विजेचे बिल, शाळेचे वेळापत्रक, एकाच उताऱ्याच्या कंसात एक, कंसात दोन अशा प्रती, आणि या गर्दीत कुठेतरी वारस नोंदीचा फेरफार. कागदाच्या गठ्ठ्यात निदान रंग, आकार, पिवळेपणा यांवरून हात बरोबर जागी जातो. पीडीएफ सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांना वय दिसत नाही, वास नाही. नाव हा त्यांचा एकुलता एक चेहरा आहे.

नाव द्यायला बसले तेव्हा पहिलीच अडचण सातबाऱ्याने उभी केली. ७/१२ असे नाव कॉम्प्युटर घेतच नाही. मधली तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. कारण ती फोल्डरांचा मार्ग दाखवायला राखून ठेवलेली आहे. म्हणून ‘सातबारा’ असे अक्षरांत लिहायचे. दुसरी अडचण तारखेची. आपण दिवस आधी लिहितो, मग महिना, मग वर्ष. तसे नाव दिले की यादीत प्रत्येक महिन्याची एक तारीख एकत्र गोळा होते आणि २००४ च्या शेजारी २०२१ येऊन बसते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले की यादी आपोआप काळाच्या ओळीत उभी राहते. राज्य शासनाच्या शासन निर्णयांना जो लांब संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक पाहा. वर्ष, महिना, दिवस, याच क्रमाने असतात. मंत्रालयातल्या कुणीतरी हा विचार केलेला आहे आणि मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

पण हा क्रम त्याहून जुना आहे, आणि तो मला आमच्याच डोंगरावर सापडला.

एकविरा आईच्या देवळाशेजारचे लेणे बहुतेक लोक दर्शन झाल्यावर पाहतात. आगरी-कोळी बांधवांच्या पालख्या येतात, चैत्राच्या यात्रेला पायरीवर पाऊल ठेवायला जागा नसते, आणि गर्दीतले काही जण चैत्यात डोकावून येतात. देशातले हे सगळ्यात मोठे कोरीव चैत्यगृह. आत अजून मूळच्या लाकडी कमानी आहेत. लोक वर पाहतात, आणि वर पाहण्यासारखे आहेच. मी मात्र हल्ली खांब वाचत फिरते. म्हणजे, ब्राह्मी मला अडखळत येते. वाचून झालेले घरी पीडीएफमध्ये असते आणि मी ताडून पाहते.

दारापाशीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजाच्या राज्याचे सातवे वर्ष, ग्रीष्माचा पाचवा पक्ष, पहिला दिवस, अशी नोंद आहे. सोमदेव नावाच्या महारठीने वलूरकाच्या, म्हणजे याच, लेण्यातल्या संघाला एक गाव दिले त्याची ही तारीख. दुसऱ्या लेखात त्याच राजाचे चोविसावे वर्ष, हेमंताचा तिसरा पक्ष, दुसरा दिवस. त्या दिवशी सेतफरणाचा मुलगा हरफरण याने नऊ खोल्यांचा मंडप दिला. हरफरण हे नाव इथल्या मातीतले वाटत नाही, आणि तो अबुलामा नावाच्या गावाहून आल्याचे लेखातच लिहिले आहे. तारखेचा क्रम पाहा. आधी वर्ष, मग ऋतू आणि त्याचा पक्ष, शेवटी दिवस. मोठ्याकडून लहानाकडे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरलेली ही तारीख आजच्या फोल्डरमध्ये टाकली तर आपल्या जागी जाऊन बसेल.

आणि नुसती तारीख नाही. देणाऱ्याचे नाव, बापाचे किंवा आईचे नाव, गाव, धंदा, काय दिले. धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, त्याच गावचा सामी सुतार, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, सोपाऱ्याचा भिक्षू, खांब देणारे यवन. प्रत्येक लेख ओळ-दोन ओळींचा, पण त्यात जे लागते ते सगळे आहे. शिवाय तो लेख ज्या वस्तूबद्दल आहे त्याच वस्तूवर आहे. खांबाच्या दानाचा दस्त खांबावर. तो हरवायचा तर खांब हरवावा लागेल. मी आता फाइलना नावे देते ती या खांबांकडे पाहूनच देते. वर्ष-महिना-दिवस, गाव, गट, कागदाचा प्रकार, कुणाच्या नावचा. एवढे नावातच असले की फाइल फोल्डरमधून बाहेर पडली, पेनड्राइव्हमधून भटकली, कुणाच्या मोबाइलमध्ये जाऊन बसली, तरी ती स्वतःची ओळख सांगू शकते.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवते. नहपान या क्षहरात क्षत्रपाचा जावई उषवदात. त्याचा लेख याच चैत्याच्या दर्शनी भागावर आहे. त्यात त्याच्या दानांची मोठी यादी आहे आणि शेवटी, वलूरकाच्या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या साधूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याची नोंद. पुढे सातवाहनांनी क्षहरातांचा पाडाव केला. मग त्याच भिंतीवर दुसरा लेख येतो. तो मामाडच्या अमात्याला, म्हणजे इथल्या मुलखाच्या अधिकाऱ्याला, दिलेला राजाचा हुकूम आहे. मामालाहारातले, उत्तरेच्या रस्त्यावरचे करजक गाव या लेण्यातल्या महासांघिक भिक्षूंना द्या. गावात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलती द्या. आणि हे सगळे तिथे नोंदवून घ्या.

गाव तेच. देणारा बदलला. जुने राज्य गेले तेव्हा जुन्या राज्याची नोंद आपोआप चालू राहिली नाही, नव्या राजाच्या नावाने ती पुन्हा घालावी लागली. ज्याने वडगावला तहसील कचेरीत वारस नोंदीसाठी खेपा घातल्या आहेत त्याला यात परके काहीच वाटणार नाही. हा फेरफार आहे. कातळावर कोरलेला, मावळातल्या जमिनीचा, आणि मला माहीत असलेला सगळ्यात जुना.

त्या हुकमाची मूळ पट्टिका शिवस्कंदगुप्ताने तयार केली, असेही शेवटी लिहिले आहे. म्हणजे दस्त करणाऱ्या कारकुनाचे नाव आपल्याकडे आहे. पट्टिका नाही. ती कुणाच्या तरी दप्तरात होती आणि ते दप्तर राज्याबरोबर गेले. डोंगरावर आहे ती तिची प्रत. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने निगमसभेत दान वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवले असे लिहून ठेवले आहे. ते फलकही गेले, लेख राहिला. प्रत ही दुय्यम गोष्ट आहे असे आपण समजतो. कागदांचा इतिहास पाहिला तर टिकल्या त्या बहुतेक प्रतीच.

पण प्रतीलाही दुखणे असते. करजकाच्या त्या हुकमाचा सुरुवातीचा भाग झिजला आहे. हुकूम कुणाचा, ते राजाचे नावच गेले. अभ्यासक तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात, त्याला बाकीचा आधार चांगला आहे, पण ती मांडणी करावी लागते. मजकूर शाबूत आणि मथळा गेलेला, अशा कागदाची काय अवस्था होते ते तिथे उभे राहिले की कळते. आमच्या घरातल्या स्कॅनमध्ये असे पुष्कळ आहेत. पाठपोट कागदाची फक्त पाठ स्कॅन झालेली, वरचा कोपरा कापला गेलेला, फेरफाराचा नंबर कोपऱ्यातच असलेला. स्कॅन करणाऱ्याने चारही कडा दिसतील असे करावे आणि कोरी दिसणारी मागची बाजूही घ्यावी, कारण मागे पेन्सिलीने तारीख किंवा ‘पावती मिळाली’ एवढेच लिहिलेले असते आणि पुढे भांडण तेवढ्यावरच मिटते.

जुनी फाइल पुसून तिच्यावर नवी ठेवण्याची सवयही वाईट. जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या बहुतांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला. नव्या शिक्क्याखाली नहपानाचा चेहरा अजून दिसतो, म्हणून इतिहासकारांना कोण आधी आणि कोण नंतर हे पक्के कळले. चांदीवर जुने थोडे उरते. फाइलवर तेही उरत नाही. म्हणून मी २०१९ चा सातबारा २०२४ चा आला म्हणून काढून टाकत नाही. बोजा केव्हा चढला आणि केव्हा उतरला हे एका उताऱ्यात कळत नाही, ते दोन उतारे शेजारी ठेवल्यावर कळते.

हे लेख मी वाचते ते कसे, तेही इथे सांगायला हवे. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधल्या लेखांचे पुस्तक १८८१ मध्ये मुंबईत काढले. ओला कागद कातळावर दाबून ठसे घ्यायचे, अशी तेव्हाची रीत. पुढे एमिल सेनार यांनी कार्ल्याचे लेख एपिग्राफिया इंडिकाच्या सातव्या खंडात पुन्हा वाचून छापले. ही दोन्ही पुस्तके आता इंटरनेट अर्काइव्हवर पीडीएफमध्ये आहेत. कातळ, ठसा, छापील पान, स्कॅन. घरापासून पायी जाता येईल अशा भिंतीवरचा मजकूर मला या चार पायऱ्या फिरून येऊन कळला, आणि यातली एक जरी पायरी गळली असती तरी आज मी त्या हुकमासमोर नुसती उभी राहिले असते.

शोधण्याची गोष्ट निघाली की मराठी पीडीएफचे एक दुखणे सांगावेच लागते. पीडीएफ अडोबी कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. कुठल्याही यंत्रावर पान तंतोतंत तसेच दिसावे, हा तिचा हेतू. त्यामुळे तिच्या पोटात अक्षरापेक्षा अक्षराच्या आकाराला मान आहे. कुठला आकार पानावर कुठे उमटवायचा, हे ती जाणते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक आकार, तिथे फारसे अडत नाही. आपल्याकडे वेलांटी उच्चाराने नंतर आणि दिसायला आधी, जोडाक्षर दोन-तीन अक्षरांचे पण आकार एक. मग फाइलमध्ये ‘किल्ला’ शोधला की सापडत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ असेल तर तेवढेही हाती लागत नाही. त्या फॉन्टमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते, त्यामुळे उचललेला मजकूर म्हणजे निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा. डोळ्याला शुद्ध मराठी दिसते आणि यंत्राला त्यातला एक शब्द कळत नाही.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने कितीतरी मोलाची पुस्तके फुकट पीडीएफमध्ये दिली आहेत, बालभारतीची पुस्तके आहेत, जुन्या ग्रंथालयांतल्या मराठी पुस्तकांचे स्कॅन आहेत. हे मोठे भांडार आहे. त्यातले बरेच अजून नुसते चित्र आहे, ज्याला शोधता येत नाही. आता मराठी छापील मजकूर ओळखणारे प्रोग्राम पुष्कळ बरे झाले आहेत. आपापल्या घरातल्या टाइप केलेल्या कागदांवर ते चालवून शोधता येणारा थर खाली घालून ठेवावा, असे मी सगळ्यांना सांगते. तोपर्यंत पुन्हा तेच, नाव नीट असावे. कारण पोटातला मजकूर यंत्राला कळो न कळो, फाइलचे नाव युनिकोडमध्ये असते आणि ते शोधले की सापडते.

मराठी माणसाला हे सांभाळणे नवे नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. कागद कापडात बांधायचे, गाठ मारायची, वर चिठ्ठी. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातून निवडून पंचेचाळीस खंड छापले. रुमाल सोडून, वाचून, निवडून. इतके रुमाल असूनही ते काम होऊ शकले, कारण कागद कुठल्या ना कुठल्या विभागात लावलेले होते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी खेड्यापाड्यांतून माळे धुंडाळून कागद मिळवले, त्यांच्या वाट्याला न लावलेले कागद आले आणि त्यात त्यांचे आयुष्य गेले. दोघांचे काम थोर. पण पुढच्या माणसावर राजवाड्यांची पायपीट लादायची की सरदेसायांचा रुमाल त्याच्या हाती द्यायचा, हे आजचा फोल्डर लावणारा ठरवत असतो.

कायद्यानेही हे ओळखले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या सातव्या कलमात इलेक्ट्रॉनिक नोंद जपली असे केव्हा म्हणायचे ते दिले आहे. ती पुढे पाहायला मिळाली पाहिजे, मूळच्या किंवा मजकूर बरोबर दाखवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे, आणि ती कुठून निघाली, कुठे गेली, कोणत्या तारखेला आणि वेळेला, हे ओळखता आले पाहिजे. हे कलम वाचले तेव्हा मला हरफरणाच्या मंडपाचा लेख आठवला. त्याने यातले फारसे काही सोडलेले नाही.

टिकण्याबद्दल मी पूर्वीइतकी धास्तावलेली नाही. २००८ मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झाली, ती आता एका कंपनीच्या मर्जीवर नाही. तिचा खास दीर्घकाळ जपण्यासाठीचा प्रकार २००५ पासून आहे. त्यात लागणारे फॉन्ट फाइलच्या आतच असावे लागतात आणि कुलूप घालता येत नाही. आमच्या स्कॅन केलेल्या दस्तांच्या प्रती मी त्या प्रकारात ठेवते. सहीचे उतारे मात्र आले तसेच. तीन ठिकाणी सगळे आहे आणि त्यातले एक कार्ल्याच्या बाहेर, पिंपरीला भाचीकडे, कारण इथला पाऊस हार्ड डिस्कलाही सोडत नाही. आणि नोंदणी झालेले मूळ कागद मी टाकून दिलेले नाहीत, कुणी देऊही नयेत. स्कॅन हा खरेदीखताचा पर्याय नाही.

कुलपाची काळजी मात्र वाटते. बँकेची विवरणपत्रे, विम्याचे कागद, आधार, सगळ्या पीडीएफ पासवर्डच्या आत येतात. आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल, तो निदान घरच्यांना काढता येतो. बाकीचे माणसाबरोबर जातात. आमच्या घरात एका मृत्यूनंतर हे झाले. फाइल समोर, माणूस नाही आणि वारसांना त्याच कागदाची गरज. तेव्हापासून मोठ्यांना मी हात जोडून सांगते की पासवर्ड एका वहीत लिहा आणि वही कुठे आहे ते दोघांना सांगा. त्यांना संकोच वाटतो, पण मी सांगायचे सोडत नाही.

सगळ्या फोल्डरांच्या वर मी एक साधी यादी ठेवली आहे. कुठला कागद, कुठल्या फाइलमध्ये, मूळ कुठे, कुणी दिला. भाचीला ती पाठ झाल्यासारखी आहे. ती माझ्याहून भराभर शोधते आणि आता भाऊबंद थेट तिलाच फोन करतात. मला त्याचे समाधान आहे. शेवटी उरले आहेत ते आत्याच्या पेटीतून आलेले मोडी कागद. मला मोडी येत नाही आणि यंत्राचाही त्यावर भरवसा नाही. पाऊस संपला की पुण्याच्या एका मोडी जाणकारांकडे घेऊन जायचे ठरले आहे. तोपर्यंत त्यांच्या स्कॅनना जे माहीत आहे तेवढेच नाव दिले आहे. साल कळत नाही म्हणून ०००० पासून सुरू, मग मोडी, अवाचित, आत्याची पेटी, पाकिटाचा क्रमांक, दोन्ही बाजू. वाचून झाले की नावे बदलतील, आणि जुनी नावे यादीत राहतील.